वरचे तीन मजले

त्याचं खरं नाव मतदार यादीत सापडलं असतं, पण ते शोधायला कोणी गेलं नाही. बांधकामावर त्याला सगळे दुमड्या म्हणत. वय झाल्यावर तोंडावर दुमडेकाका, पाठीमागे पुन्हा दुमड्याच. तो सळई बांधणारा फिटर. इमारतीच्या कॉलममध्ये ज्या उभ्या सळया असतात त्यांना जागोजागी चौकोनी रिंगा घालून आवळावं लागतं, आणि प्रत्येक रिंगेची दोन टोकं एका कोपऱ्यात येऊन मिळतात. बाकीचे फिटर ती टोकं काटकोनात वळवून मोकळे व्हायचे. हा मात्र वाकवायच्या लोखंडी चावीला आणखी एक हिसका द्यायचा आणि टोक पार आत, कॉलमच्या पोटात वळवायचा, चार बोटं शेपूट राखून. त्या एका हिसक्यापायी त्याला नाव मिळालं, शिव्या मिळाल्या आणि कितीतरी कामांवरून नारळही मिळाला.

दुसरा फिटर तासाला पन्नास रिंगा करी, हा पस्तीस. "तू रिंगा करतोस की बांगड्या घडवतोस?" ठेकेदार विचारायचे. "तुझ्या ह्या शेपटांत काँक्रीट हलवायची सुई अडकते, काम खोळंबतं."

"अडकू दे," तो म्हणायचा. "अडकलेली सुई सोडवता येते."

माणूस तसा गोड नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. शेजारच्याची भिंत एक बोट बाहेर गेली तरी ह्याच्या डोळ्यांत खुपायची. मंगल कार्यालयात पंगतीला बसून वरच्या बीमकडे बघत राहायचा आणि यजमानाला सांगायचा की इथे जास्त माणसं उभी करू नका. बायको म्हणायची, "अहो, जेवा गप. लोक जेवायला बोलावतात, तपासणीला नाही." पण स्वभावाला औषध नसतं, आणि ह्या स्वभावाचं मूळ तर ढिगाऱ्यात होतं.

हा मुलूख समुद्रापासून लांब. डोंगर नाहीत, ज्वालामुखी नाही, जमीन सपाट आणि लोकही तसेच. आपल्या पायाखाली कातळ आहे, कातळ हलत नाही, असं शाळेत मास्तरसुद्धा छातीठोकपणे सांगायचे. अडतीस वर्षांपूर्वी एका सकाळी तो कातळ हलला. अर्धं मिनिट, फार तर चाळीस सेकंद. तेवढ्यात बाजारपेठेतली तीन मजली इमारत खाली बसली. पडली म्हणण्यापेक्षा बसली हेच खरं. एकावर एक स्लॅब, मधे काही नाही. खाली दुकानं होती, वर बिऱ्हाडं. एकोणीस माणसं गेली. त्या इमारतीची सळई दुमड्याच्या थोरल्या भावाने बांधली होती.

तेव्हा हा वीस वर्षांचा. भावाच्या हाताखाली नुकतं काम शिकत होता. दोघे भाऊ सहा दिवस ढिगारा उपसत होते, एकमेकांशी न बोलता. सातव्या दिवशी कुठल्याशा कॉलेजातून एक इंजिनियर बाई आल्या, मोजपट्टी आणि वही घेऊन. मोडक्या कॉलमपाशी उकिडव्या बसल्या आणि ह्याला हाक मारून म्हणाल्या, "हे बघ. रिंग तुटलेली नाही. उघडली आहे."

त्याने पाहिलं. वरचा काँक्रीटचा थर सोलून गेला होता, काटकोनातलं टोक त्या थराबरोबरच मोकळं झालं होतं, आणि पट्टा सुटलेल्या विजारीसारखी रिंग सैल पडली होती. आतल्या सळया बाहेर फुगून आल्या होत्या. बाईंनी त्याच्याच हातात चावी देऊन त्याच्याकडून टोक आणखी आत वळवून घेतलं. "टोक पोटात गेलं की वरचं सगळं सोलून निघालं तरी रिंग धरून ठेवते. इमारत वाकडी होईल, तडकेल, पण माणसाला बाहेर पळायला वेळ देईल. समजलं?"

समजलं. थोरला भाऊही मागे उभा राहून ऐकत होता. त्याने त्या दिवसानंतर सळईला हात लावला नाही. सायकली दुरुस्त करायचं दुकान टाकलं आणि बारा वर्षांनी कसलंही दुखणं नसताना वारला. त्याचा दोष नव्हता. त्या काळी सगळेच तसं वाकवायचे, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. पण न सांगितल्याचं ओझंही माणसाला पुरेसं होतं, हे दुमड्याने घरात बसून पाहिलं.

मग आयुष्यभर त्याने तो एक हिसका सोडला नाही. ठेकेदारांनी हाकललं, तर दुसरीकडे गेला. वर्ष वर्ष नुसती कुंपणं बांधली. सरकारी नियम आला, नकाशावर रिंगेचं वळण छापून येऊ लागलं, तरी बांधकामावर वाकवणाऱ्यांनी आपली जुनीच रीत चालू ठेवली. तपासणीला येणारा माणूस रिंगा मोजायचा, टोकं बघायचा नाही. दुमड्याला ह्याचा एवढा संताप यायचा की एकदा त्याने तपासनिसाचा हात धरून रिंगेच्या टोकावर ठेवला आणि त्याच संध्याकाळी काम गमावलं.

पण गाव विसरतं तसं आठवतंही, सोयीने. हळूहळू ज्यांना स्वतः राहायचं होतं ते लोक विचारू लागले, "सळई कोणाची? दुमडेकाकांची का?" विकायला बांधणारे विचारत नसत. एवढा एक फरक लक्षात ठेवला तर बांधकामाचा सगळा धंदा कळतो.

दर वर्षी त्या जुन्या भूकंपाच्या तारखेपासून गावात भूकंप सज्जता सप्ताह साजरा व्हायचा. भोंगा वाजला की शाळेतली मुलं बाकांखाली आणि कचेरीतली माणसं टेबलांखाली. हेडक्लार्कच्या टेबलाखाली फायलींचे गठ्ठे असल्यामुळे ते बिचारे बाहेरच राहायचे, हात जोडून. फोटो निघायचा, चहा व्हायचा. दुमड्या म्हणायचा, "टेबलाखाली बसायला शिकवतात. टेबलावर जे पडणार आहे त्याचं काय, ते नाही शिकवत."

त्याला एकच मुलगा. लहानपणी बापाच्या सळई वाकवायच्या साच्याशेजारी बसून तारेचे बैल आणि गाड्या करायचा. दहाव्या वर्षी त्याला डोळे मिटून टोक पोटात घालता यायचं. हात बापाचा होता, डोकं मात्र आईकडच्या दुकानदार मामांवर गेलेलं. शिकला, दुसऱ्या ठेकेदारांकडे देखरेखीला राहिला, आणि तिशी ओलांडल्यावर स्वतःची पहिली इमारत काढली. खाली गाड्यांची जागा, वर पाच मजले, दर मजल्यावर दोन घरं. रस्त्याकडेला मोठा बोर्ड लागला. बोर्डावर इमारतीचं चित्र छोटं आणि दुमड्याचा फोटो मोठा, हातात चावी धरलेला. खाली अक्षरं: ज्या हातांवर गाव विश्वास ठेवतं.

"माझं थोबाड कशाला?" त्याने विचारलं.

"बाबा, तुमच्या थोबाडावरच घरं जाणार आहेत," मुलगा हसून म्हणाला.

आणि खरंच गेली. पाया भरायच्या आधीच दहापैकी सात घरं गेली. तिसऱ्या मजल्यावरचं एक हॉस्पिटलातल्या सिस्टरने घेतलं. वय चाळिशीच्या पुढे, एकटी, घरात अंथरुणाला खिळलेली आई. ती नकाशा बघायला आली तेव्हा तिने खोल्या, ओटा, न्हाणीघर काही विचारलं नाही. सरळ दुमड्यापाशी आली आणि म्हणाली, "काका, माझ्या आईला उचलून जिना उतरता येणार नाही. म्हणून विचारते. सळई तुम्हीच बांधणार ना?"

"मीच," तो म्हणाला. "निर्धास्त राहा, सिस्टर." म्हणताना त्याला बरं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी समोर येऊन त्याच्या हट्टाला किंमत दिली होती, आणि तीही स्वतःच्या मुलाच्या कामावर. खोटं कशाला बोला, माणूस फुलून गेला होता.

गाड्यांच्या मजल्याची सळई त्याने बांधली. पहिल्या मजल्याची बांधली, दुसऱ्याचीही बांधली, गुडघ्यांना पट्टे आवळून. तिसऱ्याच्या तयारीत असताना जिल्ह्याच्या कचेरीतून पत्र आलं. भूकंप सज्जता सप्ताहानिमित्त तीन दिवसांचं शिबिर, त्यात त्याचा सत्कार आणि इंजिनियरांसमोर प्रात्यक्षिक. नाही म्हणायला त्याने तोंड उघडलंच होतं, पण मुलाने गाडी ठरवून टाकली होती, बायकोने सदऱ्याला इस्त्री केली होती.

"जा हो," ती म्हणाली. "जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्यात. एकदा कोणी कौतुक करतंय तर घ्या करून."

गेला. मंचावर साहेबांच्या शेजारी बसला. चारशे माणसांसमोर सळई कापली, वाकवली, टोक पोटात घातलं. टाळ्या पडल्या. फुलांचा गुच्छ, चौकटीतलं मानपत्र. तिथल्या एका तरुण इंजिनियरने पाया पडून विचारलं की तुमचे हात बघू का. तीन दिवस दुमड्या नुसता हवेत होता.

परत आला तर तिसऱ्या मजल्याचे कॉलम भरून झालेले. "पंपाची गाडी त्याच दिवशी मिळत होती," मुलगा म्हणाला. "रिंगा मशीनवरून करून आणल्या, तुमच्याच मापाच्या. आता वर चढू नका, गुडघे बघा स्वतःचे. खालची पाण्याची टाकी बांधा, कुंपण बांधा. वरचं मी बघतो."

मशीनवर टोक आत वळवता येतं, हे त्याला ठाऊक होतं. मुलाला वळवता येतं, हेही ठाऊक होतं. गुडघेही खरोखरच दुखत होते. दुसऱ्या कोणाचं काम असतं तर तो रांगत वर गेला असता. पण हे घरचं होतं आणि मानपत्राची काच अजून पुसून व्हायची होती, म्हणून त्याने वर जाऊन पाहिलं नाही. अख्ख्या जन्मात एवढं एकदाच त्याने तपासलं नाही.

इमारत उभी राहिली, लोक राहायला आले, दीड वर्ष गेलं. मग एका दुपारी जमीन हलली. फार नाही, कपबशा वाजल्या, दिवे झुलले, सहा-सात सेकंदांत संपलं. गावात कोणाला खरचटलंही नाही. उलट इमारतीतले लोक दुसऱ्या दिवशी मुलाकडे पेढे घेऊन आले. "काकांची पुण्याई," म्हणाले. सिस्टरने मात्र फोन करून सांगितलं की दाराच्या वर एक चीर दिसतेय, जरा येऊन बघता का.

चीर गिलाव्याची होती, काळजीचं कारण नव्हतं. त्याने नख फिरवून पाहिलं आणि तसं सांगितलं. आई खाटेवर पडल्या पडल्या म्हणाली, "चहा दे गं त्यांना." चहा पिताना त्याची नजर गॅलरीत गेली. तिथे पाच-सहा रिंगा एकमेकींना तारेने जोडून कुंड्या ठेवायला घडवंची केलेली होती.

"ह्या कुठून आणल्या?"

"वॉचमनने करून दिली," सिस्टर म्हणाली. "आम्ही घर बघायला यायचो तेव्हा ह्याच मजल्यावर पडल्या होत्या, उरलेल्या. का हो?"

त्याने वाकून एका रिंगेचा कोपरा दोन बोटांत धरला. टोक काटकोनात होतं. दुसरीचं धरलं. तिसरीचं धरलं. चहाचा कप त्याने खाली ठेवला तो कुंडीत ठेवला, हे त्याला कळलंही नाही. "उद्या सांगतो," एवढंच म्हणून तो निघाला.

उरलेल्या रिंगा म्हणजे वापरलेल्या रिंगा नव्हेत, अशी त्याने रात्रभर स्वतःची समजूत घातली. वाईट निघाल्या म्हणूनच टाकून दिल्या असतील. सकाळी छिन्नी-हातोडी घेऊन तिसऱ्या मजल्यावर जिन्याजवळच्या कॉलमचा कोपरा त्याने वीतभर फोडला. रिंग दिसली. तिचं टोक कडेला, वरच्या थरात, मातीत पुरलेल्या खुंटीसारखं सरळ पडलेलं. तसंच चौथ्यावर फोडलं. पाचव्यावर फोडलं. मग तो तिथेच पायरीवर बसला. वॉचमन आवाज ऐकून वर आला आणि म्हणाला, "काका, गळती आहे का कुठे?"

घरी मुलगा जेवत होता. दुमड्या हात न धुताच त्याच्यासमोर बसला.

"वरचे तीन मजले?"

मुलाने घास गिळला. ह्या वेळी खोटं बोलला नाही, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं. "बाबा, मशीनवाल्याकडे तयार माल तोच होता. तुमच्यासारखा करून द्यायला तो आठवडा मागत होता. पंपाची गाडी गेली असती तर पुन्हा महिनाभर मिळाली नसती. आणि सगळं गाव तसंच बांधतंय, कुठे काय पडलंय?"

"म्हणून मला सत्काराला पाठवलंस?"

"पत्र आलं होतं. ते काही मी लिहिलं नाही."

"पण उपयोग करून घेतलास."

मुलगा ताटाकडे बघत म्हणाला, "खालचे तीन तुमचे आहेत ना? सगळा भार तर खालीच असतो."

"मला शिकवतोस?" दुमड्या ओरडला. "तुझ्या काकाला माहीत नव्हतं रे! त्याला कोणी सांगितलं नव्हतं, तरी तो झुरून मेला. तुला दहाव्या वर्षी येत होतं. माझ्या मांडीवर बसून शिकलास तू. तुला माहीत होतं!"

बायको मधे पडली. "हळू बोला. शेजारी ऐकतील. झालं ते झालं, आता काय इमारत पाडायची? चार माणसांत पोराचं वाटोळं कराल."

दुमड्याने तिच्याकडे पाहिलं. ती वाईट बाई नव्हती. जगातल्या बऱ्याचशा वाईट गोष्टींना अशीच चांगली माणसं हळू आवाजात बोलायला सांगत असतात. तो उठला तो त्या घरात पुन्हा जेवायला बसला नाही. भावाच्या बंद पडलेल्या सायकलच्या दुकानात राहायला गेला.

आधी तो जिल्ह्याच्या कचेरीत गेला. सत्कार करणाऱ्या साहेबांनी ओळखलं, खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं. "गंभीर आहे," ते म्हणाले. "पण अर्ज रहिवाशांच्या समितीचा लागेल. त्यांनी तक्रार दिली की आम्ही तज्ज्ञ पाठवू. तुम्ही बांधणाऱ्याचे वडील. तुमच्या अर्जावर मी काय लिहू?"

मग त्याने रहिवाशांना खाली गाड्यांच्या जागेत बोलावलं. सगळे आले. त्याने एक रिंग आपली आणि एक गॅलरीतली, अशा दोन्ही दाखवल्या. कुठे काय चुकलंय ते सांगितलं, कोणी चुकवलंय तेही सांगितलं. मुलाचं नाव घेऊन सांगितलं. आणि उपायही सांगितला. वरच्या तीन मजल्यांचे कॉलम सोलायचे, भोवती नव्या सळया, नव्या रिंगा घालून पुन्हा काँक्रीट चढवायचं. तिसऱ्यापासून पाचव्यापर्यंत, सगळ्या घरांतून. "हिशेब तज्ज्ञ करतील. सळई मी बांधतो. एक पैसा घेणार नाही."

लोकांनी दोन्ही रिंगा हातोहात फिरवून पाहिल्या. मग समितीचे अध्यक्ष, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, त्यांनी विचारलं, "कॉलम किती जाड होतील?"

"प्रत्येक बाजूने चार इंच."

"म्हणजे कपाट बसणार नाही," चौथ्या मजल्यावरची बाई म्हणाली. "आम्ही भिंतीतलं करून घेतलंय. मापात."

"आणि गिलावा, रंग, फरशी सगळं उखडणार?"

"बाहेर कळलं तर? ही इमारत डागी म्हणून उद्या कोणी भाड्याने तरी येईल का?"

"परवाच तर हलली. काही झालं का?"

दुमड्याने सांगून पाहिलं की परवाचा तो धक्का नव्हताच. पण पालथ्या घड्यावर पाणी. हळूहळू आवाज चढले, आणि गंमत बघा, चढले ते मुलावर नाहीत, ह्याच्यावर. "तुमचा फोटो बघून आम्ही घर घेतलं," बँकवाले ओरडले. "आता तुम्हीच सांगताय कच्चं आहे! दीड वर्ष झोपला होतात का?" सगळ्यांत नेमका हाच प्रश्न रास्त होता. शेवटी हात वर करायला सांगितले. उपायाच्या बाजूने एकच हात वर झाला, सिस्टरचा. खालच्या दोन मजल्यांवरचे लोक तर केव्हाच उठून गेले होते. त्यांचं घर काकांनी बांधलं होतं ना. वरचं खाली कोसळतं तेव्हा ते मजले मोजत नाही, हे त्यांना कोण सांगणार. जाता जाता बँकवाले त्याच्या कानाशी येऊन म्हणाले, "काका, झाकली मूठ सव्वा लाखाची. आमच्या म्हातारपणाचं घर आहे हे. बाहेर बोलू नका, हात जोडतो." आणि खरंच त्यांनी हात जोडले. जिन्याजवळच्या फोडलेल्या जागा समितीने दोन दिवसांत लिंपून, रंगवून टाकल्या.

मुलाची दुसरी इमारत तोवर सुरू झाली होती. बोर्डही नवा लागला होता, फोटो तोच. दुमड्या एका सकाळी शिडी घेऊन तो काढायला गेला. तिथल्या वॉचमनने शिडी अडवून धरली, वर चढू दिलं नाही. "काका, साहेबांना विचारायला हवं," तो म्हणाला. "तुमचाच फोटो आहे, पण बोर्ड त्यांचा आहे."

आठवड्याने सिस्टरने त्याला बोलावलं. ड्यूटीवर जायच्या कपड्यांत होती. हॉलमधला कोपऱ्यातला कॉलम तिने मोकळा करून ठेवला होता. खुर्च्या, टीपॉय, पडदा सगळं बाजूला केलेलं.

"बाकीच्यांचं जाऊ दे, काका. माझ्या घरातले कॉलम तुम्ही करा. कपाट नाही बसलं तरी चालेल. रजा टाकते, आईला महिनाभर हॉस्पिटलात हलवते. सगळं विचारून ठेवलंय मी."

तो त्या मोकळ्या केलेल्या कोपऱ्याकडे बघत राहिला. आयुष्यात कोणी इतकं मनापासून त्याला काम दिलं नव्हतं.

"उपयोग नाही, सिस्टर."

"का?"

"कॉलम तुमचा एकटीचा नसतो. खालून वरपर्यंत एकच असतो. तुमच्या घरातला बांधला आणि वरचे दोन तसेच राहिले, तर वरचे तुमच्यावर येतील. आणि ह्याच मजल्यावर शेजारच्या घरातले तसेच राहिले, तर तुमच्या बाजूला त्यांचं ओझं येईल. एकाच घराला घालता येत नाही रिंग. सगळ्यांनी हो म्हणायला हवं, नाहीतर कोणीच नाही."

"मग मी काय करू?"

"विका," तो म्हणाला. "विका आणि जा. तळमजल्यावर कुठेतरी, बैठ्या घरात."

"कोणाला विकू?"

त्याला वाटलं ती गिऱ्हाईक विचारतेय. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर कळलं.

"तुम्ही सांगा ना, काका. कोणाला विकू? माझ्या जागी कोणाला आणून ठेवू? सांगून विकलं तर कोणी घेणार नाही. न सांगता विकलं तर मी आणि तुमचा मुलगा, फरक काय?"

दुमड्याने मान खाली घातली. अडतीस वर्षं तो लोकांना सांगत आला की इमारत कशी बांधावी. बांधून झालेल्या चुकीचं काय करावं, हे त्या इंजिनियर बाईंनी शिकवलं नव्हतं आणि त्याने कधी विचारलंही नव्हतं. सिस्टरने घड्याळ पाहिलं. आईपाशी बसणारी बाई अर्ध्या तासात येईल, तोवर बसाल का, असं विचारून ती कामाला निघून गेली.

आईच्या खाटेच्या उशाशी एक उंच लोखंडी कपाट होतं. जमीन हलली तर इमारतीच्या आधी ते म्हातारीच्या डोक्यावर आलं असतं. दुमड्याने पिशवीतून तार आणि खिळे काढले, भिंतीत दोन ठिकाणी भोकं पाडली, कपाट मागे सरकवून भिंतीला जखडलं आणि तारेची टोकं आत दुमडली, कोणाच्या हाताला लागू नयेत म्हणून. म्हातारी टक लावून बघत होती.

"तूच ना रे तो? बोर्डावरचा?"

"हो, मावशी."

"मुलगी काही सांगत नाही मला. पण रात्री उठून उठून बघते." तिने कपाटाकडे आणि मग छताकडे पाहिलं. "आता आला भूकंप तरी काळजी नाही ना?"

"नाही, मावशी," दुमड्या म्हणाला. "काही काळजी नाही."

म्हातारीने डोळे मिटले. तो तिथेच स्टुलावर बसून राहिला, बाई येईपर्यंत.